वाळवंटात दोन रात्री: जुना ट्रेलर की कापडी तंबू?

वाळवंटात जायचं नक्की झालंय, रजाही मिळालीय, आणि रिसॉर्टच्या बुकिंगपाशी गाडी अडलीय. एका फोटोत पन्नास-साठच्या दशकातला गोलसर ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, दारावर पट्ट्यापट्ट्यांचं छत, खाली दोन खुर्च्या. दुसऱ्यात लाकडी चौथऱ्यावर उभारलेला पांढरा तंबू, आत पलंग, गालिचा, कंदील. मागचा सूर्यास्त दोन्हीकडे तोच. मीही इथेच अडलो होतो आणि शेवटी दोन वेगवेगळ्या वर्षी दोन्हींत राहून आलो. दोन्ही वेळा मार्च महिना, दक्षिण कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या उत्तरेचा भाग, बरोबर बायको, आणि दोन-दोन रात्री. चार रात्रींच्या जोरावर कोणी तज्ज्ञ होत नाही, पण झोप कुठे लागली आणि कुठे नाही हे सांगायला तेवढ्या पुरेत.

वायफाय, शेकोटी, टॉवेल वगैरेची यादी रिसॉर्टवाले देतातच, ती सोडून देतो. चांदण्यांचाही इथे काही संबंध नाही. जोशुआ ट्रीला २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला. तिथलं आकाश बघायला तुम्ही बाहेरच बसणार आहात, पाठीमागे पत्रा असो की कापड.

आधी ट्रेलर.

ट्रेलरचा पहिला आनंद थोडा पोरकट आहे आणि तो मी लपवणार नाही. दार उघडून वाकून आत शिरलं की आपण कुणाच्या तरी जुन्या सहलीत शिरल्यासारखं वाटतं. लाकडी पॅनेलच्या भिंती, बोटभर जाडीची कपाटं, घडी होणारं टेबल, आणि प्रत्येक वस्तूला तिची नेमून दिलेली जागा. या गाड्या बनवणाऱ्यांतली काही मंडळी विमानांच्या जगातून आलेली होती, हे आत बसल्यावर पटतं. १९३४ च्या सुमारास रोड चीफ हा ट्रेलर बनवणारा हॉली बौलस मुळात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, बांधणारा. पुढे वॉली बायमचा एअरस्ट्रीम क्लिपर १९३६ मध्ये आला, तोही तसाच रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमचा. ओक्लाहोमातल्या टल्सामधली स्पार्टन ही तर विमानांचीच कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती ट्रेलरकडे वळली. ॲरिझोनातल्या बिस्बी गावात द शेडी डेल नावाचं ठिकाण आहे. ही जागा १९२७ पासून प्रवाशांसाठी आहे आणि आज तिथे असेच जुने ट्रेलर राहायला मिळतात. ज्यांना खरा जुना माल बघायचाय त्यांनी ते नाव लक्षात ठेवावं.

खरा जुना म्हणण्याला कारण आहे. फोटोत जुना दिसणारा प्रत्येक ट्रेलर जुना असतोच असं नाही. मागच्या बाजूला धातूचे छोटे पंख असलेला शास्टा एअरफ्लाइट तुम्हाला दिसेल. तो १९६१ चा असू शकतो, किंवा २०१५ मध्ये त्याच १९६१ च्या घाटावर नव्याने काढलेल्या १,९४१ ट्रेलरांपैकी एक. नवा असण्यात वाईट काही नाही. उलट नळ, दिवे आणि हीटर नीट चालण्याची शक्यता जास्त. पण जुनेपणासाठी जादा पैसे मोजत असाल तर फोन करून साल विचारावं. आम्ही विचारलं नव्हतं. आमचा खरा जुना निघाला, हे नशीब.

आता ट्रेलरचा त्रास. सगळ्यात मोठा म्हणजे पलंग. जुन्या ट्रेलरमध्ये तो बहुतेक वेळा मागच्या टोकाला आडवा बसवलेला असतो, तीन बाजूंना भिंती आणि उतरायला एकच बाजू. आत झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं तर बाहेरच्याला ओलांडून यावं लागतं. पहिल्या रात्री मी आतल्या बाजूला होतो. पहाटे तीनला बायकोच्या पोटरीवर माझा गुडघा पडला आणि पुढचा संवाद इथे देण्यासारखा नाही. शिवाय आमच्या ट्रेलरमधला संडास फक्त शोभेचा होता, दाराला तशी पाटीच होती. त्यामुळे ओलांडून आल्यावर जॅकेट, बूट, टॉर्च आणि सामाईक न्हाणीघरापर्यंत पायपीट. ही पायपीट तंबूतही चुकली नाही. त्यामुळे तराजूत ती दोन्ही पारड्यांत सारखीच घातली पाहिजे.

दुसरं म्हणजे पत्र्याचा आवाज. दिवसभर तापलेलं ॲल्युमिनियम सूर्य मावळला की आक्रसायला लागतं आणि टक, टक, टक करत राहतं. सकाळी ऊन पडलं की पुन्हा तेच, उलट दिशेने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छतावर कुठला तरी प्राणी चालतोय असं वाटून मी बाहेर जाऊन बघून आलो. अर्ध्या तासात तो थांबतो. थांबतो, हे महत्त्वाचं. पुढे त्याचा संदर्भ येईल.

उंच माणसांनी डोकं सांभाळावं. एवढंच.

आता तंबू. सुरुवातीलाच सांगतो, या चार रात्रींतली सर्वांत सुंदर संध्याकाळ तंबूतली होती.

आम्ही साडेचारला पोचलो. दोन्ही बाजूंच्या कनाती वर गुंडाळलेल्या होत्या, आणि तंबू म्हणजे फक्त छप्पर आणि त्याखाली एक पलंग. त्यावर पडून समोरची जोशुआची झाडं, मागचे गोल दगडांचे ढीग आणि त्यांवरून सरकणारी सावली बघत आम्ही तासभर काही बोललो नाही. ट्रेलरमध्ये ही मजा नाही. तिथे खिडकी आहे, ती चौकट आहे, तिच्यात बसेल तेवढंच वाळवंट. तंबूत वाळवंट अंथरुणापर्यंत येतं. जागाही ऐसपैस, उभं राहून अंगात स्वेटर घालता येतो, पलंगाला दोन्ही बाजूंनी उतरता येतं. पोटऱ्या सुरक्षित. सकाळचा उजेड जाड सुती कापडातून गाळून येतो, तो तर इतका मऊ की डोळे उघडायचा कंटाळाच येत नाही.

फक्त सकाळ व्हायच्या आधी रात्र असते.

लॉस एंजेलिसकडून इंटरस्टेट १० ने येताना सॅन गॉर्गोनिओ खिंड लागते. रस्त्याच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा. फोटो काढायला मस्त जागा आहे, आम्हीही काढले. त्या तिथे का लावल्यात, याचा विचार मात्र आम्ही केला नाही. समुद्राकडची हवा गार आणि जड, वाळवंटातली तापून वर जाणारी, आणि मधल्या डोंगरांत एक फट. गार हवा त्या फटीतून वाळवंटाकडे ओढली जाते. वसंतात हा खेळ ऐन जोरात असतो. आम्ही खिंडीपासून चांगलेच लांब आणि उंचावर होतो, पण वाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसावं.

साडेआठला कनाती खाली सोडल्या, चेन लावल्या. नऊला पहिली फडफड. आधी गंमत वाटली, शिडाच्या होडीत असल्यासारखं. दहाला गंमत संपली.

ही फडफड काय चीज आहे ते नीट सांगतो, कारण माझा निर्णय हिच्यावर झाला. नुसता वाऱ्याचा आवाज असता तर मला झोप लागली असती. पंख्याच्या घरघरीत झोपणारा माणूस आहे मी. पण कापडाला ताल नसतो, आणि पत्र्याच्या टकटकीसारखं ते अर्ध्या तासात थांबतही नाही. दोन मिनिटं शांत. मग छपराच्या एका पाखीत हवा भरते, कापड फुगतं, ताणतं, आणि सपकन फटकारा बसतो. मग तीन छोटे. मग काहीच नाही. मग डोक्याशेजारची कनात आत येऊन उशीला टेकून जाते. पुढचा फटकारा कधी येईल याची वाट बघत आपण जागे राहतो आणि तो आला नाही तर त्याचंही दडपण येतं. मध्येच लाकडी चौथऱ्यावर एक दोरी ठकठक करायला लागली. मी उठलो, बाहेर जाऊन ती कसली, आत आलो, चेन लावली. पाच मिनिटांनी दुसरी दोरी. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, ‘राहू दे रे, तू एकेक दोरी कसणार आणि तो एकेक सोडवणार.’

डोळ्याला डोळा लागला तो साडेचारच्या पुढे, वारा पडल्यावर.

आणि सकाळी धूळ. चेन शेवटपर्यंत लावलेली, कनातीचा खालचा काठ चौथऱ्याला बांधलेला, तरीही पीठ चाळल्यासारखा बारीक थर सगळीकडे. रात्री पाण्याचा ग्लास झाकायला विसरलो होतो, त्याच्या तळाशी गाळ. बायकोने उशी उचलली तर तिच्या डोक्याच्या आकाराची स्वच्छ जागा उरलेली. तिने त्याचा फोटो काढला. तो एकच फोटो आम्ही अजून लोकांना दाखवतो.

रिसॉर्टच्या माणसाला विचारलं, तर तो हसून म्हणाला, मार्च-एप्रिलमध्ये असं होतं. प्रामाणिक होता बिचारा. बुकिंगच्या वेळी हे कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं, पण आम्हीही विचारलं नव्हतं. दुसऱ्या रात्री वारा निम्म्यावर आला आणि आम्ही कानात बोळे घालून झोपलो. ठीक होतं. ठीकच.

ट्रेलरच्या मुक्कामातही एका रात्री वारा होता. कितपत जोराचा, हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. पण बाहेरची रिकामी खुर्ची सकाळी तीन ट्रेलर पलीकडे सापडली, त्यावरून तंबूतल्या रात्रीपेक्षा फार कमी नसावा. ट्रेलर झोके घेत होता. टेकूंवर उभा असूनही किंचित हलतो तो, रात्रीच्या रेल्वेच्या डब्यासारखा. कडा गोल असल्यामुळे की काय, वारा अंगावरून घसरून जातो असं वाटलं. आत एक खोल, सलग घुमणारा आवाज, बस. मी त्यात झोपलो. फळीवरचा ग्लास सकाळी जसाच्या तसा.

तापमानाचं थोडक्यात. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या सांगण्यानुसार तिथे वसंतात आणि शरदात दिवसा साधारण २९ अंश सेल्सिअस आणि रात्री १० च्या आसपास असतं, हिवाळ्यात रात्री पाणी गोठतं, उन्हाळ्यात दिवस ३८ च्या वर जातो. गारठ्यात तंबूतली विजेची चादर उत्तम चालली. पलंगात ऊब आणि नाकाला थंडी, हे मला तरी आवडलं. उन्हाळ्यात मात्र कापडाखाली दुपार काढायची कल्पनाही करवत नाही. ट्रेलरला निदान एसी लावलेला असतो. तरी माझं मत विचाराल तर जुलैमध्ये दोन्हीकडे जाऊ नये. तंबूत जळण पेटवायची शेगडी असेल किंवा ट्रेलरमध्ये गॅसचा हीटर, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का हे आत गेल्या गेल्या बघा.

भाड्यात ट्रेलर बहुधा महाग पडतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून सक्तीची फी धरूनच दर दाखवावा लागतो, त्यामुळे तुलना आता बरीच सोपी झालीय. सरकारी कर तेवढा वरून धरावा. जो फरक निघेल त्याला दोन रात्रींच्या झोपेने भागून बघा.

तंबूवर मी फुली मारत नाहीये. ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल, हवामानाच्या अंदाजात वारा मंद असेल, मुलं बरोबर असतील आणि त्यांना लोळायला जागा हवी असेल, किंवा गुडघे दुखत असल्यामुळे पलंग ओलांडणं जमणार नसेल, तर तंबू घ्या. ती संध्याकाळ ट्रेलर तुम्हाला देऊ शकणार नाही. काही ठिकाणी दोन्ही एकाच आवारात असतात. टेक्ससमधल्या मार्फा गावात २००९ मध्ये सुरू झालेलं एल कॉस्मिको ट्रेलर आणि सफारी तंबू शेजारीशेजारी ठेवण्यासाठीच नावारूपाला आलं. अशा आवारात एक रात्र इकडे, एक रात्र तिकडे करता आलं तर माझ्या सल्ल्याची गरजच नाही. फक्त तंबूची रात्र पहिली ठेवा. वारा सुटलाच तर दुसऱ्या रात्री झोप भरून काढता येईल.

तंबूच घेणार असाल तर फोनवर दोन गोष्टी विचारा. तंबूचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि पश्चिमेला आडोसा म्हणून काही आहे का, दगड, भिंत, एखादी इमारत, काहीही. आमच्या पश्चिमेला क्षितिज होतं. फोटोत फार छान आलं होतं.

आम्ही या नोव्हेंबरसाठी पुन्हा बुकिंग केलंय. नोव्हेंबरात वारा कमी असतो, तंबू चालेल, असं बायकोचं म्हणणं होतं, आणि तिचं चूक होतं असं नाही. तरीही मी ट्रेलर घेतला. तिने एका अटीवर होकार दिला, आतल्या बाजूला ती झोपणार. ओलांडायची पाळी आता तिची, पोटऱ्या माझ्या.