बोलेरो पिकअपच्या पाट्यांचे बुश: रबर की पीयू? एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

उन्हाळ्यात बदललेले बुश (पाट्यांच्या, म्हणजे गाडीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या टोकांत बसणारे, आत लोखंडी नळी असलेले रबरी तुकडे) दिवाळीसुद्धा पाहू शकले नाहीत, म्हणून हे लिहितोय. गाडी 2011 ची बोलेरो पिकअप. काम ठरलेलं: नारायणगावातून टोमॅटोचे वीस-वीस किलोचे क्रेट भरायचे आणि आळेफाटा, माळशेज करत वाशी मार्केट गाठायचं. पुढच्या डाव्या बाजूला खड्ड्यात खट्‌ असा आवाज यायचा, ब्रेक दाबला की गाडी ओढायची आणि टायरही एका कडेने खायला लागली होती. पहार घालून पाटा हलवला तर शॅकलमध्ये (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीत) चांगलाच खेळ, म्हणजे ढिलेपणा होता. बुश गेले, यात शंका नव्हती.

गॅरेजवाल्याने सगळे बुश बदलले, पैसे रोख घेतले. आवाज बंद. हंगाम संपायच्या आत तोच आवाज परत. खोलून बघितलं तर रबर नळीपासून सुटलेलं आणि सगळे बुश एकाच दिशेला पिळवटून फाटलेले. गॅरेजवाल्याचं म्हणणं, "शेठ, तुम्ही ओव्हरलोड भरता." अहो, हेच क्रेट, हेच भाडं मी आधीपासून करतोय आणि त्याच गाडीचे आधीचे बुश कित्येक वर्षं चालले. त्याने ना माल बदलून दिला, ना मजुरी सोडली. डबल खर्च माझ्या खिशातून गेला, त्याचा राग अजून आहे.

खरं कारण दुसऱ्या मिस्त्रींनी फाटलेला बुश हातात घेताच सांगितलं: "दादा, गाडी जॅकवर टांगलेली असतानाच बोल्ट आवळलेत." नळीला चिकटवलेला रबरी बुश घसरत नाही, तो नुसता पिळतो आणि परत मूळ जागी येतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट कचकचून आवळला की आतली नळी त्याच कोनात पकडली जाते. मग गाडी जमिनीवर टेकली की रबर आधीच पिळलेलं, वर माल, वर घाट. ते किती दिवस तग धरणार? सगळे बोल्ट आधी हाताने बसवायचे, गाडी खाली उतरवायची, थोडी हलवून पाटे बसू द्यायचे आणि मगच शेवटचा पाना मारायचा. माझी गाडी रिकामी कमीच धावते, म्हणून आम्ही थोडे क्रेट मागे टाकून आवळले. एवढ्या कामाला एक चहा होईल इतका वेळ जातो. तो वाचवायला गिऱ्हाइकाचा अख्खा सेट घालवायचा, हे मला आजही पटत नाही. तुम्ही बुश कुठल्याही कंपनीचा घ्या, पण आवळताना स्वतः तिथे उभे राहा.

शॅकलच्या पिनांवर खाच पडली होती, त्याही बदलल्या. झिजलेल्या पिनेवर नवा बुश घालणं म्हणजे पैसे पाण्यात. जुने बुश गॅसने जाळू दिले नाहीत, प्रेसवर काढले. धूर विषारी असतो आणि पाट्याच्या टोकाचं टेम्पर (पोलादाचा कडकपणा) जातं. त्या प्रेसचे वेगळे पैसे दिले, पण मनापासून दिले.

या वेळी पुढे रबर आणि मागे पीयू (पॉलियुरेथेन, रबरापेक्षा कडक प्लास्टिक) टाकलं. पीयूचा सेट रबराच्या जवळपास तिप्पट. पहिले काही आठवडे मी भेटेल त्याला पीयूच सांगत होतो, कारण भरलेली गाडी वळणावर मागून अजिबात डोलत नव्हती. ते मत आता बदललंय. पीयू पिळत नाही, घसरतो, म्हणजे त्याला वंगण लागतं. माळशेजच्या पावसात ते धुऊन गेलं आणि प्रत्येक गतिरोधकावर मागून चर्रर्र चालू झालं. सिलिकॉन ग्रीस भरायला सगळं परत खोला, परत मजुरी. आवाज गेला, पण रिकाम्या गाडीला धक्के जास्त बसतात ते बसतातच. भाड्याच्या गाडीला हे परवडत नाही. पुढचं रबर मात्र आजपर्यंत मुकाट्याने चाललंय: ब्रेकला ओढ नाही, टायर सरळ झिजतोय.

आणखी एक. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवर पाट्यांना जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. गंज थांबतो हे खरं, पण तेल लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. मी आता त्या पोराला शॅकलला फडकं बांधायला लावतो, नाहीतर ऑइल मारूच देत नाही.

मागचं पीयू बोंबलेपर्यंत चालवणार, पैसे टाकलेत ते वसूल करणार. त्यानंतर मागेही साधं रबर, नव्या पिना, आणि शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी असताना.