रन-फ्लॅट की साधे टायर : ऐंशी किलोमीटरनंतरचा प्रश्न

बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा तिच्या जातीची दोन आसनी गाडी बाळगणाऱ्याचे टायर बदलायला झाले, की दुकानदार पहिल्यांदा कंपनी विचारतो. मिशेलिन हवे, पिरेली हवे की ब्रिजस्टोन, यावर मग बराच वेळ जातो. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. कारखान्यातून आलेले रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायरच पुढे चालू ठेवायचे की साध्या ट्यूबलेस टायरवर यायचे, हे आधी ठरवले पाहिजे, आणि जळगाव-धुळ्याकडे राहणाऱ्या माणसाचे त्यावरचे उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा वेगळे असू शकते. माझ्याकडे २००९ मध्ये आलेल्या पिढीची गाडी आहे आणि मी दोन्ही प्रकार वापरले आहेत.

ओल्या रस्त्यावरची पकड, ब्रेक आणि आवाज यांत मला या दोन प्रकारांमुळे असा म्हणण्याजोगा फरक जाणवला नाही. तिथे कंपनी आणि नक्षी यांचाच प्रभाव अधिक असावा. वळणावर मात्र फरक आहे. रन-फ्लॅटची बाजू जाड आणि ताठ असल्यामुळे स्टिअरिंग वळवताच गाडीचे तोंड तत्काळ फिरते, आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना हा ताठपणा सुखाचा वाटतो. साध्या टायरवर तेच वळण सुरुवातीला अंमळ सैल लागते. थोड्याच दिवसांत हाताला सवय होते.

त्याच ताठपणाचा हिशेब सरळ रस्त्यावर चुकता करावा लागतो. मागच्या चाकांच्या २५५/३५ मापात (रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ३५ टक्के) टायरची बाजू जेमतेम ८९ मिलिमीटर उंच असते, आणि तीही ताठ असली की पुलाचा प्रत्येक सांधा आणि गावाच्या तोंडाशी असलेला प्रत्येक गतिरोधक कंबरेपर्यंत पोहोचतो. साध्या टायरवर हा त्रास संपत नाही, पण सुसह्य होतो, असे मी म्हणेन. खड्ड्याच्या काठावर आपटून फुगा येण्याची भीती साध्या टायरला थोडी जास्त असते, तर रन-फ्लॅट तगला तरी धक्का रिमकडे जातो. दोन्ही नुकसाने महागाचीच आहेत, त्यामुळे हा मुद्दा मी बरोबरीत सोडतो.

माझा निर्णय ज्याने झाला ती गोष्ट वेगळी आहे. रन-फ्लॅटचे वचन असे, की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येते. कापसाच्या हंगामात पारोळ्याच्या पुढे माझ्या मागच्या डाव्या टायरमध्ये बैलाच्या खुराला ठोकतात त्या पत्रीचा खिळा गेला. चपट्या डोक्याचा, बोटाच्या पेराएवढाही लांब नसलेला तो खिळा नक्षीच्या मधोमध इतका नीट बसला होता, की टायर बाहेरून धडधाकट दिसत होता आणि गाडीतला दिवा लागला म्हणूनच काय ते कळले. मी बेताच्या वेगाने जळगाव गाठले. इथपर्यंत रन-फ्लॅटने शब्द पाळला, हे मान्य केलेच पाहिजे.

त्रास सुरू झाला तो घरी पोहोचल्यावर. नेहमीच्या पंक्चरवाल्याने टायरच्या बाजूवरची अक्षरे न्याहाळली, अंगठ्याने काठ दाबून पाहिला आणि ‘हाई काम मन्हं नही, भाऊ’ म्हणत पान्हा खाली ठेवला. त्याचे चुकले नव्हते. रन-फ्लॅटचा काठ रिमवर इतका घट्ट बसलेला असतो, की तो सोडवायला जोडीला जादा हात असलेले यंत्र लागते. साध्या यंत्रावर जबरदस्ती केली तर काठ फाटतो, नाहीतर अलॉय खरवडते. पुष्कळ चौकशीनंतर असे यंत्र असलेले दुकान मिळाले आणि टायर उतरला, तेव्हा आतून मूठभर काळा चुरा निघाला. हवा नसताना चाललेल्या टायरची बाजू आतल्या आत घासली जाते आणि ती किती दुबळी झाली आहे हे वरून समजत नाही, म्हणून असा टायर दुरुस्त करून वापरू नये, असेच उत्पादक साधारणपणे सांगतात. दमडीच्या खिळ्यापायी अख्खा टायर गेला.

पुढची अडचण मापाची. पुढची चाके २२५ आणि मागची २५५ असल्यामुळे पुढचा टायर मागे लावून वेळ मारून नेता येत नाही, आणि मागच्या जोडीत कंपनी व नक्षी एकच असणे बरे. केंद्र सरकारने जून २०२० मध्ये मोटारींच्या नव्या टायरांच्या आयातीला परवान्याची अट घातली. अशा आडमापाचा, बहुधा परदेशातून येणारा माल खान्देशातला दुकानदार साठवून ठेवीत नाही, आणि त्याने तो का ठेवावा, हाही प्रश्नच आहे. टायर मुंबईहून येईपर्यंत गाडी अंगणात जॅकवर उभी राहिली आणि ती विकायला काढली आहे अशी गल्लीची समजूत झाली. ऐंशी किलोमीटरची सोय मला घरापर्यंत घेऊन आली, पण घरापासून पुढे तिचा उपयोग नव्हता.

साध्या टायरवर आल्यानंतर मुक्ताईनगरच्या रस्त्यावर असाच एक खिळा लागला. ढाब्याशेजारच्या पंक्चरवाल्याने चाक न काढताच खिळा उपटला, भोक कानशीने साफ केले, रबराची वात आत सारली, साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येत नाहीत ना हे पाहिले आणि हवा भरून दिली. वात हा कायमचा उपाय नव्हे, त्यामुळे पहिल्या संधीला टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात दांडा बसणारे ठिगळ, लावून घ्यावा. मात्र ते काम आपल्याकडचे कोणतेही बरे दुकान करते.

अर्थात साध्या टायरची बाजू चिरली तर वातही चालत नाही आणि पॅचही नाही. गाडी उचलून नेणारी गाडी बोलवावी लागते, आणि रात्री घाटात तिची वाट पाहणे कोणालाही आवडणार नाही. ज्यांना वरचेवर रात्री एकट्याने प्रवास करावा लागतो, किंवा ज्यांच्या नेहमीच्या वाटेवर नाशिकसारखे मोठे शहर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी रन-फ्लॅट सोडण्याची घाई करू नये, असे मला वाटते. आमच्यासारख्यांनी मात्र विचार करायला हरकत नाही.

साध्याकडे वळणाऱ्याने स्टेपनीचा मोह टाळलेला बरा. छत खाली घेतले की या गाडीची डिकी १८० लिटरवर येते. त्यात चाक ठेवले तर पिशवीलाही जागा उरत नाही. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, अशी तरतूद जुलै २०२० मध्ये नियमांतही झाली आहे. मी सिगारेट लायटरवर चालणारा कॉम्प्रेसर, वातींचा संच आणि पक्कड ठेवतो. सीलंटची बाटलीही असते, पण ती अगदी नाइलाज झाल्यावरच वापरावी, कारण नंतर आतला चिकटा काढताना दुकानदार वैतागतो.

चारही टायर एकदमच बदलावेत. पुढे रन-फ्लॅट आणि मागे साधे अशी सरमिसळ करू नये. टायर किती वजन आणि वेग सोसतो हे सांगणारा भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नये. बाजूवरच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आधी आठवडा आणि मग वर्ष असते, म्हणजे २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. आडमापाचा माल गोदामात पडून राहिलेला असू शकतो, म्हणून पैसे देण्याआधी चारही टायरांवरचे आकडे स्वतः वाचावेत. हवा सकाळी गाडी थंड असताना दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरावी. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे मे महिन्यात भुसावळच्या दुपारी पंपावर दाब जास्त दिसला म्हणून हवा काढू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच टायर कमी हवेचा भरतो, आणि उन्हात कमी हवेवर धावणारा टायरच जास्त तापतो.