द्वित्त व्यंजन: मात्रा की लांबी?

‘पता’मधला ‘प’ लघू, ‘पत्ता’मधला गुरू. हे वृत्त शिकवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. वाद आहे तो कारणाचा.

भाषाशास्त्रज्ञ ब्रूस हेझ यांनी 1989मध्ये मांडलेल्या मतानुसार द्वित्त व्यंजन (‘त्त’सारखं, एकच व्यंजन दुहेरी) स्वतःची मात्रा, म्हणजे वजनाचं एक माप, घेऊनच येतं. दुसरा पक्ष म्हणतो, छे, ते फक्त लांब असतं, दोन जागा अडवतं. पहिली जागा आधीच्या अक्षराच्या शेवटी पडते, म्हणून वजन वाढतं. म्हणजे ‘पत्ता’ आणि ‘सत्य’ यांत काही फरक नाही.

आपल्या वृत्तांवरून निकाल लागत नाही, कारण तिथे कुठल्याही आघातयुक्त जोडाक्षराने आधीचं अक्षर गुरूच होतं. (‘तुझ्या’तला ‘तु’ मात्र लघूच राहतो, कारण तिथे आघात नाही.)

खरी परीक्षा दूरच्या भाषांत होते. पॅसिफिकमधल्या चुकीज भाषेत नामाला किमान दोन मात्रा लागतात. तिथे ‘त्तो’ (एक प्रकारचा शिंपला) हे एवढंसं नाम चालतं. सुरुवातीच्या ‘त्त’च्या आधी अक्षरच नाही, तरी त्याची मात्रा मोजली जाते. हेझ यांची बाजू इथे भक्कम.

पण सायबेरियातल्या सेल्कुप भाषेत आघात (शब्द उच्चारताना एका अक्षरावर येणारा जोर) दीर्घ स्वराचं अक्षर शोधतो आणि द्वित्ताने बंद झालेल्या अक्षराला हलकंच धरतो. द्वित्ताला स्वतःची मात्रा असती, तर ते अक्षर जड ठरायला हवं होतं. भाषाशास्त्रज्ञ बर्नार त्रानेल यांनी 1991मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं.

माझा कल मात्रेकडे आहे. सेल्कुपची अडचण आघाताच्या नियमावर ढकलता येते. ‘त्तो’चं स्पष्टीकरण नुसत्या जागा मोजून देणं जास्त अवघड.