९८ टक्के मौलिक, म्हणे!

हस्तलिखित वाचून अभिप्राय देणाऱ्या एका सेवेकडे मी माझी कादंबरी पाठवली होती. त्यांच्याकडून मौलिकतेचा, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना हे सांगणारा, अहवाल मेलवर आला तेव्हा मी त्याचा स्क्रीनशॉट काढून आधी बहिणीला पाठवला. ‘९८ टक्के मौलिक.’ चार वर्षं घासून लिहिलेली फँटसी कादंबरी, १ लाख १२ हजार शब्द, एक शापित मुकुट, एक पोरका मुलगा, आणि वर हा शिक्का. पुढचे पाच आठवडे मी हवेत होते.

पाच आठवडे, कारण ‘तीन आठवड्यांत सविस्तर अभिप्राय’ हे आश्वासन त्यांनी पाळलं नाही. दोनदा विचारल्यावर ‘वाचन सुरू आहे’ एवढंच उत्तर. पैसे मात्र शब्द मोजून आणि आगाऊ. या सेवेचं नाव मी देत नाही. तक्रारी आहेत म्हणून, आणि तिथे सगळं वाट्याला कोणता वाचक येतो यावर ठरतं म्हणूनही.

टक्केवारीचा अहवाल मोफत जोडून देतात. तो तेवढ्याच लायकीचा आहे. सॉफ्टवेअर शब्दांच्या ओळी जुळवून बघतं. वाक्य मी कुणाचंच उचललं नव्हतं, उचलला होता तो अख्खा सांगाडा. तो त्याला दिसत नाही.

माणसाला दिसला. १४ पानी अभिप्राय, शिवाय समासात शेरे. पहिला शेरा माझ्या ‘पाऊणक्यां’वर. पाऊणके म्हणजे डोंगरकुशीत राहणारी, खाण्यापिण्याची शौकीन, बुटकी, भित्री पण वेळेला शूर जमात. ओळखलंत ना? वाचकानं लिहिलं होतं : ‘हाफलिंगमध्ये पाव घालून पाऊणके केलेत, एवढंच.’ (हाफलिंग म्हणजे अर्ध्या उंचीची माणसं.) खाली माहिती दिली होती की १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला तेव्हा त्यात सरळ ‘हॉबिट’ होते, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किनची बुटकी जमात. टॉल्किनच्या हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर त्यांचे ‘हाफलिंग’ झाले, ‘एन्ट’ या चालत्याबोलत्या झाडांचे ‘ट्रिएंट’ आणि ‘बालरॉग’ या अग्निराक्षसाचा ‘बालॉर’. ‘त्यांना वकिलांच्या भीतीनं नावं बदलावी लागली. तुम्ही कशाला बदललीत?’

मला राग आला. मी उत्तरात टॉल्किनलाच पुढे केलं. त्यानं तरी कुठे सगळं पदरचं घातलं होतं? १९३७च्या ‘द हॉबिट’मधल्या बुटक्यांची (हॉबिट नव्हेत, दाढीवाले ‘ड्वार्फ’) नावं ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स कवितेतल्या यादीतून घेतलेली आहेत. शिवाय १९७७ची ‘द सोर्ड ऑफ शनारा’ ही टेरी ब्रूक्सची कादंबरी टॉल्किनची नक्कल म्हणून झोडपली गेली, तरी तुफान खपली.

एका शंकेचं उत्तर फीमध्ये धरलेलं असतं, ते आलं. खपाबद्दल वाचकानं वाद घातला नाही. नावांबद्दल लिहिलं की टॉल्किनच्या जादूगाराचं ‘गॅन्डाल्फ’ हे नाव त्या यादीत बुटक्याचंच आहे. टॉल्किनच्या सुरुवातीच्या मसुद्यातही ते बुटक्यांच्या म्होरक्याचं होतं, जादूगाराला नंतर मिळालं. पण नावात ‘एल्फ’ दडलाय, म्हणजे बुटक्यांहून वेगळ्याच जमातीचा प्राणी. बुटक्यांच्या यादीत हा कुठून घुसला, असा प्रश्न टॉल्किनसारख्या जुन्या भाषा कोळून प्यायलेल्या प्राध्यापकालाच पडणार. ‘त्याच्या कामातलं त्यानं पुस्तकात आणलं. तुम्ही काय काम करता, हे मला पान १४३पर्यंत कळलं नाही.’

मी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करते. दिवसभर लोकांना हेडफोन लावून ‘आवाज आला की बटण दाबा’ म्हणते.

पान १४३वर गुरू आपल्या शिष्याला लांबून मंत्र सांगतो. मंत्र एका शब्दाचा, ‘बाळ’. शिष्याला ऐकू कमी येतं, तो ओठ वाचतो, आणि प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. आरशासमोर आवाज न करता ‘पाळ, बाळ, माळ’ म्हणून बघा. शिष्य ‘माळ’ म्हणतो, आणि पाळण्यात मूल परत यायचं तिथे नुसता ओसाड माळ पसरत जातो. मी हे एका रात्रीत, गंमत म्हणून लिहिलं होतं. पुढच्या मसुद्यात काढणारही होते, कारण युद्धाला उशीर होत होता. त्या पानाच्या समासात एकच शब्द होता : ‘हे!’

या एका शब्दासाठी मी दिरंगाई माफ केली.

सगळंच पटलं असं नाही. ‘ड्रॅगन आता झिजलाय, काढा’ हा सल्ला मला फॅशनेबल वाटला. ड्रॅगन कुणा एकाच्या मालकीचा नाही, त्याची ने-आण शेकडो वर्षं चालू आहे. ‘कथासरित्सागर’ रचणारा सोमदेव तर सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगतो की मुळात जसं आहे तसंच हे आहे, मी जराही मूळ सोडलेलं नाही. त्याला ९८ टक्क्यांचा दाखला नको होता. अभिप्रायाच्या शेवटची तीन पानंही छापील साच्यातली वाटली : जादूचे नियम तक्त्यात मांडा, प्रत्येक शक्तीची किंमत ठरवा, वगैरे. हे ते सगळ्यांनाच पाठवत असणार. आमच्यासारख्यांची नक्कल पकडणाऱ्यांनी असं करावं, म्हणजे बघा.

घ्यावी का ही सेवा? कौतुक हवं असेल तर नको, तेवढ्यापुरती बहीण पुरते. घ्यायचीच तर आधी विचारा की तुमचं हस्तलिखित नेमकं कोण वाचणार, आणि त्यानं केलेल्या एखाद्या जुन्या अभिप्रायाची दोन पानं मागून घ्या. मोफत अहवाल उघडूही नका.

माझे पाऊणके गेले. मुकुट गेला, त्याच्याबरोबर युद्धही. १ लाख १२ हजारांतले ३१ हजार शब्द उरलेत. ड्रॅगन मात्र ठेवलाय. आयुष्यभर स्वतःच्याच गर्जना ऐकून त्याचे कान गेलेत, वरच्या पट्टीतलं आधी. बोललेलं त्याला ऐकू येतं, पण ‘स’ निसटतो. शिष्यानं त्याच्यासमोर उभं राहून नेमकं काय म्हणायचं, तिथे मी सध्या अडकलेय.