राजा, राणी आणि लसूण: 'कॅरी ऑन हेन्री'

'कॅरी ऑन हेन्री' (१९७१, ८९ मिनिटं) हा ब्रिटिश विनोदी सिनेमा लावण्याआधी इतिहासाचं पुस्तक मिटून ठेवावं. इंग्लंडच्या राजा आठव्या हेन्रीच्या सहा बायका खऱ्या, पण इथली राणी मारी आणि राजाच्या डोळ्यात भरलेली बेटिना, दोघीही मनच्या. इंग्लंडची संसद उडवण्याच्या १६०५ च्या कटातला गाय फॉक्ससुद्धा १५४७ मध्ये वारलेल्या या राजाच्या काळात हजर! वगनाट्यातल्या राजाने 'बेस्टची बस चुकली' म्हटलं तर आपण कुठे हरकत घेतो?

गोष्ट एवढीशी. नॉर्मंडीहून आलेल्या राणीला लसणीशिवाय चालत नाही, राजाला तो वास सहन होत नाही, त्यामुळे पहिल्या रात्रीपासूनच शेज थंड. राजाला फारकत हवी, पण राणी पडली फ्रान्सच्या राजाची नातलग. अशात तिला दिवस जातात, आणि राजा तर तिच्या जवळही फिरकलेला नाही.

लसणीचा विनोद आपल्याला थोडा उशिरा कळतो. आपल्याकडे भाकरीवर लसणाची चटणी रोजची, फार तर चातुर्मासात बंद. सिनेमा आला त्या काळच्या साध्या इंग्रज घरात मात्र लसूण म्हणजे फ्रेंचांचं खाणं. राजा नाक धरतो ते बायकोपुरतं नसतं, खाडीपलीकडचा अख्खा देश त्यात येतो.

जास्त मेहनत आहे नावांत, आणि हशे हुकतात तेही तिथेच. राणीच्या प्रियकराचं नाव सर रॉजर डी लॉजर्ली. 'रॉजर' हे इंग्रजी बोलीत संभोगाचं क्रियापद. बेटिनाचा बाप ब्रिस्टलचा अर्ल. लंडनच्या यमकी बोलीत 'ब्रिस्टल सिटी'चं यमक स्तनांच्या एका चावट शब्दाशी जुळतं, मग 'सिटी' गाळून नुसतं 'ब्रिस्टल' उरतं. हॅम्प्टन ऑफ विक या लॉर्डचंही तसंच: हॅम्प्टन विक हे थेम्सकाठचं खरं गाव, पण 'विक'चं यमक पुरुषाच्या अवयवाशी. सबटायटल लावायचीच तर इंग्रजी लावा. भाषांतरात ही नावं नुसती नावं होतात, आणि टॅलबट रॉथवेलच्या पटकथेचा निम्मा मसाला गळून पडतो.

श्लेष बोलणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो. सोंगाड्याला हे पाठ असतं: आपण काय बोललो ते आपल्यालाच कळलं नाही असा आव आणायचा, म्हणजे दुसरा अर्थ प्रेक्षक स्वतः काढतो आणि पाप त्याच्या माथी. याच वर्षी आलेल्या 'सोंगाड्या'त दादा कोंडक्यांची भाबडी हाफपँट हेच करते. इथे ते काम चार्ल्स हॉट्री करतो. त्याच्या सर रॉजरकडून आधी छळ करून कबुलीजबाब घेतात. मग फ्रान्सशी जुळवून घ्यायचं ठरतं, म्हणून तोच जबाब फिरवायला पुन्हा छळ. राजकारण पालटलं की परत तेच. दर वेळी हा बिचारा आणखी खिळखिळा होऊन बाहेर येतो, आणि त्याचा सौम्य सूर तसूभर बदलत नाही. सिनेमातली सर्वांत नेमकी रचना हीच.

सिड जेम्सचा राजा याच्या उलट. स्वतःच्या चावटपणावर स्वतःच खॅ खॅ करतो. एक-दोनदा मजा येते, नंतर हसू कुठे यायचं ते आधीच कळतं. राजाच्या मंत्र्यांपैकी केनेथ विल्यम्सचा क्रॉमवेल नुसत्या नाकपुड्यांवर भाव खातो, टेरी स्कॉटचा वूल्सी फुगलेला आणि घाबरट. दोघांची कुजबुज राजाच्या प्रणयापेक्षा सरस. जोन सिम्सची मारी मात्र नुसती चेष्टेची राणी नाही. ती मनापासून खाते, मनापासून प्रेम करते आणि लसूण सोडत नाही.

पळवापळवी आणि कट सुरू झाले की पकड सुटते. धावपळीत श्लेषाला थांबायला जागा मिळत नाही. अशा वेळी राजाचा अंगरखा न्याहाळावा: दोनच वर्षं आधी हेन्रीवर निघालेल्या एका गंभीर चित्रपटात रिचर्ड बर्टनने घातलेला झगा सिडच्या अंगावर आहे. त्याला तो शोभतोही.