सिंगापुरात बसून जपानी पुस्तकं मागवताना: वर्षभरानंतरचा हिशेब

वर्षभराहून जास्त काळ मी जपानी पुस्तकं थेट जपानमधून मागवतेय. पुण्यात जपानी शिकून नोकरीसाठी सिंगापूरला आलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत आणि सगळे एकच विचारतात: ऑर्चर्ड रोडवर किनोकुनियाचं एवढं मोठं दुकान असताना ही उठाठेव कशाला?

किमतीसाठी, दुसरं काय! न्गी आन सिटीतल्या त्या दुकानाचा जपानी विभाग उत्तमच आहे. पण पुस्तकाच्या मागच्या बाजूला छापलेली येनमधली किंमत आणि वर चिकटवलेली डॉलरमधली किंमत यांत चांगलंच अंतर असतं. बरं, नवं पुस्तक जपानमधून मागवलं तर सूट मिळेल म्हणावं, तर तिकडे नव्या पुस्तकावर सूट जवळजवळ नसतेच. पुस्तक किती रुपयांना, म्हणजे येनला, विकायचं हे ठरवण्याची मुभा तिकडच्या कायद्याने १९५३ पासून प्रकाशकाला दिली आहे. त्यामुळे टोकियोतलं दुकान असो की ऑनलाइन, नवं पुस्तक छापील किमतीलाच मिळतं. स्वस्त हवं तर जुन्या बाजारात जायचं. तो बाजार मात्र अफाट आहे. ७००-८०० येनची बुन्को (खिशात मावणारी, १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची आवृत्ती) बुक-ऑफ या जुन्या पुस्तकांच्या दुकानसाखळीच्या स्वस्त फळीवर ११० किंवा २२० येनला मिळते, आणि बहुतेक वेळा तिला कोणी हात लावलाय असंही वाटत नाही.

खरी मेख पुढे आहे. जुनी पुस्तकं विकणारे बरेचसे विक्रेते परदेशी पाठवत नाहीत. मग मध्ये प्रॉक्सी लागतो: तो तुमच्या वतीने विकत घेतो, गोदामात ठेवतो, नंतर एकत्र करून पाठवतो. त्याची फी दर खरेदीमागे साधारण ३०० ते ५०० येन. शिवाय विक्रेत्यापासून गोदामापर्यंतचा खर्च, काही ठिकाणी एकत्र बांधणीचे पैसे, आणि शेवटी समुद्रापार पाठवणं. ११० येनच्या पुस्तकावर एवढं सगळं चढलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सुटी पुस्तकं प्रॉक्सीकडून मागवणं परवडत नाही, हे मी कोणालाही बेधडक सांगते.

परवडतो तो गठ्ठा. मेरुकारी या वापरलेल्या वस्तू विकण्याच्या जपानी ॲपवर लोक घर आवरताना एकाच लेखकाच्या दहा-पंधरा बुन्को एकत्र विकायला काढतात. शोधताना लेखकाच्या नावापुढे 'मातोमे-उरी' टाकायचं, आणि मांगाची (जपानी कॉमिकची) अख्खी मालिका हवी असेल तर 'झेन्कान'. पूर्ण गठ्ठा ही एकच खरेदी, म्हणजे प्रॉक्सीची फी एकदाच. शिवाय मेरुकारीवर जपानमधला पाठवणीचा खर्च बहुतेकदा विक्रेत्यानेच किमतीत धरलेला असतो. वर्णनात 'याके' दिसलं तर पानं पिवळी पडली आहेत असं समजावं. मला त्याचं काही वाटत नाही. 'शिमी' म्हणजे डाग, तिथे मात्र फोटो मोठा करून बघते. सिंगापूरच्या दमट हवेत बुरशीचा एक ठिपकासुद्धा शेजारच्या पुस्तकांना भोवतो.

पाठवणीबाबत माझं मत ठाम आहे: घाई नसेल तर बोटीचं टपाल. महिना-दोन महिने लागतात आणि नोंदणी केली नाही तर ट्रॅकिंग नसतं, पण बुन्कोच्या बाबतीत एवढा धीर धरायला हरकत नाही. छोट्या पाकिटाची मर्यादा दोन किलो. बुन्को सरासरी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची, म्हणजे दहा-अकरा बसतात. मी गठ्ठेही तसेच बघून निवडते. कुरिअरच्या वाट्याला शक्यतो जाऊ नये. एका प्रॉक्सीने माझी पुस्तकं इतक्या मोठ्या खोक्यात भरली होती की निम्म्याहून जास्त जागा कागदाच्या बोळ्यांनीच व्यापलेली. कुरिअरवाले आकारमानावरून वजन धरतात, त्यामुळे त्या बोळ्यांचंही भाडं मीच भरलं. तक्रार केली तर उत्तर आलं, 'पुस्तकांच्या सुरक्षिततेसाठी.' तेव्हापासून ऑर्डरच्या शेऱ्यात 'लहान खोकं वापरा' असं जपानीत लिहून टाकते. निम्म्या वेळा ऐकतात.

कराचं फार टेन्शन नाही. इथे टपालाने आलेल्या ४०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या मालाला कस्टम्समध्ये जीएसटी लागत नाही. मात्र २०२३ पासून नोंदणी केलेले परदेशी विक्रेते तो बिलातच लावतात, सध्या ९ टक्के. पैसे भरण्याआधी शेवटचा आकडा बघावा.

ई-बुकचं विचाराल तर बुकवॉकरवर परदेशी कार्ड चालतं आणि तिथे सवलतीही भरपूर निघतात. किमतीचं ते बंधन छापील पुस्तकांना आहे, ई-बुकला नाही. कादंबरीत अडलेल्या कांजीवर (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चित्राक्षरावर) बोट दाबून ठेवलं की शोधता येते, ही सोय जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या एन-३, एन-२ पातळीला असलेल्यांसाठी मोठी. मांगाला तिचा उपयोग नाही, पानं म्हणजे नुसती चित्रं असतात.

किनोकुनिया मी सोडलेलं नाही. व्याकरणाची, जेएलपीटीची पुस्तकं तिथूनच घेते. ती मोठ्या आकाराची आणि जड, पाठवणीचा खर्च धरला की फरक जेमतेम उरतो. शिवाय सरावाची जुनी पुस्तकं घेण्यात वेगळा धोका आहे: आधीच्या मालकाने उत्तरं भरलेली असतात. वर्णनात 'काकिकोमी नाशी', म्हणजे काही लिहिलेलं नाही, असं स्पष्ट असेल तरच घ्या. पेन्सिलीने लिहिलंय म्हणत असेल तर किंमत पाडून मागा, मेरुकारीवर घासाघीस चालते. फक्त प्रॉक्सी तुमच्यासाठी ती करतो का, ते आधी विचारून घ्या.