कोणता तारा बघायचा, एबी डोराडस की एप्सिलॉन एरिडनी?
दोघेही तरुण नारिंगी बटुतारे, सूर्यापेक्षा थोडे लहान नि थंड, पृष्ठभागाचं तापमान साधारण ५००० केल्विन, इथवर काही फार फरक नाही. खरी गंमत फिरण्यात आहे. एबी डोराडस स्वतःभोवती जेमतेम १२ तासांत गिरकी मारतो, विषुववृत्तावर वेग सेकंदाला ९० किमीच्या आसपास (सूर्याचा फक्त २!), आणि एवढ्या वेगामुळे आत चुंबकीय क्षेत्र जबरदस्त तयार होतं, म्हणून पृष्ठभागावर मोठमोठे काळे डाग, अगदी ध्रुवाजवळसुद्धा, आणि ते डाग फिरत समोर आले की ताऱ्याचा प्रकाश कमी होतो, गेले की वाढतो. वर एक्स-रे आणि भडके सतत चालूच.

एप्सिलॉन एरिडनी त्यामानाने शांत, फेरी ११ दिवसांची. डाग त्यालाही आहेत पण चमक बदलते अगदी किंचित. त्याच्याभोवती धुळीची चकती आहे, तो भाग भारीच. शिवाय अंतर फक्त साडेदहा प्रकाशवर्षं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एबी डोराडस ५० प्रकाशवर्षांवर, दुर्बीण लागतेच.

नुसता बघायचा तर एप्सिलॉन, पण चमक बदलताना पकडायची असेल तर माझं मत एबी डोराडसलाच, एका रात्रीत बराचसा फेरा हाती लागतो राव.